ऐन चिल्लई कलानमध्ये श्रीनगर: पैसे उबेवर घाला, बागांवर नको

श्रीनगरचं हिवाळी पॅकेज विकताना एजंट दल सरोवर दाखवतो, शिकारा दाखवतो, बर्फात लोळणारं जोडपं दाखवतो. खोली गरम कशाने होते हे मात्र कुणी सांगत नाही, आणि दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाचं सगळं गणित तिथेच जमतं किंवा फिसकटतं. म्हणून सुरुवात खोलीपासून. फिरण्याचं नंतर.

आधी थंडीचा हिशेब. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान, कडाक्याची थंडी. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. शहर जेमतेम १,६०० मीटर उंचीवर आहे. दिवसा पारा ५ ते ८ अंशांच्या घरात असतो, रात्री उणे ३ ते उणे ६ पर्यंत उतरतो. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे तो उणे ८.५ वर गेला होता. यात एक गोम आहे. आभाळ स्वच्छ असलं की दिवसा ऊन छान मिळतं, पण रात्र जास्त गोठवते. ढग आले की रात्र जरा सुसह्य होते आणि दिवसभर ओलसर काळोखी राहते. पश्चिमेकडून येणारे पावसाळी झोत आले नाहीत, तर चिल्लई कलान कोरडाही जातो. जानेवारी २०२४ मध्ये महिना सरत येईपर्यंत गुलमर्गलासुद्धा बर्फ नव्हता. तेव्हा ‘शहरात बर्फ मिळेलच’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता खोली. ‘हीटर आहे सर’ या वाक्याचा श्रीनगरमधला अर्थ बहुतेकदा एक छोटा ब्लोअर असा असतो. वीज गेली की तो बंद, कारण इन्व्हर्टरवर तो चालत नाही, आणि हिवाळ्यात मागणी वाढली की वीज जातेच. त्यामुळे बुकिंगआधी फोन करून चार गोष्टी स्पष्ट विचारा: उबेची सोय कोणती, ती किती वाजता सुरू होऊन किती वाजता बंद होते, वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो, आणि सकाळी गरम पाणी नळाला येतं की बादलीने. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर दुसरं हॉटेल शोधा.

डिझेल बॉयलरवरची सेंट्रल हीटिंग असेल तर उत्तमच, पण काही ठिकाणी ती मध्यरात्री बंद करतात आणि पहाटे पुन्हा लावतात. नेमकी पहाटच सर्वांत गार असते, म्हणून वेळा विचारायच्या. बुखारी म्हणजे पत्र्याची, धुराड्याची शेगडी. लाकूड घातलं की पंधरा-वीस मिनिटांत खोली तापते, इतकी की स्वेटर काढावासा वाटतो. पण लाकूड संपलं की तासाभरात पुन्हा गारठा, आणि रात्री दोनला उठून ती पेटवायला कुणी येत नाही. बुखारीची मजा झोपेपर्यंतच. झोपेची भिस्त अंथरुणावरच्या इलेक्ट्रिक ब्लँकेटवर ठेवावी लागते. ते पांघरायचं नसतं, गादीवर चादरीखाली असतं. झोपण्याआधी तासभर पूर्ण लावायचं, अंथरुणात शिरल्यावर कमी करायचं किंवा बंद करायचं. ते घडी घालून किंवा चुरगाळून लावलं की आतली तार एका जागी तापते, हे लक्षात ठेवा.

सगळ्यांत भारी सोय म्हणजे हमाम. जुन्या पद्धतीच्या घरांत आणि मोजक्या गेस्ट हाउसमध्ये एका खोलीची फरशी दगडी लाद्यांची असते. खाली पोकळी, तिथे बाहेरून लाकडं पेटवतात, आणि त्याच आगीवर तांब्याच्या टाकीतलं पाणी तापतं. दगड एकदा तापला की रात्रभर ऊब धरतो, वीज असो वा नसो. हमामची खोली मिळत असेल तर सरोवराचा नजारा सोडून ती घ्या, अगदी बिनदिक्कत.

गॅसचा किंवा कोळशाचा हीटर खोलीत आणून देतो म्हणाले, तर रात्रीसाठी नको म्हणा. बंद खोलीत जळणारा गॅस किंवा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, आधी डोकं जड होतं, झोप येते, आणि मग जाग येत नाही. काश्मीरमध्ये दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. कांगडीलाही हेच लागू. विणलेल्या टोपलीतलं ते निखाऱ्यांचं मातीचं भांडं फेरनच्या, म्हणजे काश्मिरी लांब झग्याच्या, आत धरून बाहेर बसायला झकास आहे, पण पांघरुणात घेऊन झोपायचं नाही. निखाऱ्यांवर राख साचली की लाकडी किंवा लोखंडी चमच्याने हलकेच राख फिरवायची. नवशिके जोरात ढवळतात आणि कोळसा तासाभरात संपवतात.

हाउसबोटींविषयी स्पष्टच सांगायला हवं. देवदारची नक्षी, गालिचे, सगळं देखणं आहे, पण भिंती लाकडाच्या, फटी असलेल्या, आणि खाली पाणी. चिल्लई कलानमध्ये तिथली रात्र हौसेपुरती एकच घ्या, तीही बुखारी असेल आणि ती पेटवणारा माणूस बोटीवरच राहत असेल तर. बरोबर आजी-आजोबा किंवा तान्हं मूल असेल तर दुपारी शिकाऱ्यातून हाउसबोट बघून या आणि झोपायला जमिनीवर परता.

कपड्यांवर पुण्या-मुंबईत फार खर्च करू नका. आतून थर्मल, मधे लोकर, वर वारा अडवणारं जाकीट, कान झाकणारी टोपी, एवढं पुरे. आतला थर सुती नको. चालून घाम आला की सूत ओलं राहतं आणि थांबल्यावर तेच अंगाला थंडी लावतं. मुक्कामात रविवार येत असेल तर लाल चौक ते पोलो ग्राउंडच्या पट्ट्यात भरणाऱ्या संडे मार्केटमध्ये जाड कोट, बूट, जाकिटं, बरीचशी वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली, स्वस्तात मिळतात. शहरातले लोकही तिथेच घेतात. घासाघीस चालते. कोट घेताना चेन दोनदा लावून बघा आणि अस्तराचे खिसे तपासा, माल बिघडलेला असतो तो तिथेच.

आता श्रीनगरला हिवाळ्यातच का जावं, याचं सर्वांत सरळ उत्तर: हरिसा. हा पदार्थ थंडीतच होतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि सकाळीच संपतो. आली कदल, सराफ कदल, फतेह कदल, जैना कदल या जुन्या शहराच्या भागांतली दुकानं सहा-साडेसहापासून गजबजलेली असतात. नऊनंतर गेलात तर भांड्याचा तळ बघायला मिळेल. दुकान म्हणजे एक उंच ओटा, त्यात गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा मोठा रांजण आणि खाली लाकडाची भट्टी. आदल्या दिवशी दुपारपासून तांदूळ शिजवून त्याची पेज करतात. त्यात मेंढीच्या मागच्या मांडीचं मटण, बडीशेप, वेलची, दालचिनी, लवंग, मीठ. काही तासांनी हाडं वेचून काढतात, मग लांब दांड्याच्या लाकडी घोटण्याने घोटत राहतात आणि रात्रभर मंद आचेवर ठेवतात. सकाळी मांसाचा धागा न् धागा सुटून तांदळात मिसळलेला असतो. दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत, आणि यायलाही नकोत. चमच्यात उचलल्यावर ताण येऊन तार सुटली तर घोटणी नीट झाली. दाणेदार, पाणचट लागला तर घाई झाली.

विकतात वजनावर. एका माणसाला पाव किलो भरपूर होतो. पहिल्यांदा खाणाऱ्या दोघांनी मिळून पाव किलोच घ्यावा, कारण हे प्रकरण जड आहे. बशीत घातल्यावर वरून कढत तेल ओततात, ते चर्र वाजतं. सोबत छोटा कबाब आणि ‘मेथी’ म्हणजे मेथीत शिजवलेला वजडीचा बारीक कीस. वजडी नको असेल तर आधीच सांगा. तेल कमी घाला म्हटलं तर दुकानदार नाराज होतो, पण घालतो कमी. हे सगळं खायचं शेजारच्या कांदुरच्या तंदुरातल्या गिर्दा नावाच्या रोटीसोबत. कांदुर म्हणजे गल्लीतला भटारी. सकाळी गिर्दा आणि लवासा, दुपारी तीळ लावलेलं चोचवोर, असं त्याचं वेळापत्रक असतं आणि अख्खा मोहल्ला त्याप्रमाणे रांगेत येतो. हरिसा गरम असतानाच संपवा. गार झाला की चरबी थिजते आणि टाळूला चिकटते. वर गार पाणी पिऊ नका, नून चाय घ्या: गुलाबी, खारट, सोडा घालून उकळलेली. आपल्या जिभेला पहिला घोट विचित्र लागतो. तिसऱ्या घोटापर्यंत थांबा, हरिशावर ती बरोबर बसते.

शाकाहारी माणसाला या सकाळीत फक्त गिर्दा, लोणी आणि चहा आहे, हे मान्य करायला हवं. त्यांच्यासाठी दुर्गानाग भागातला कृष्णा वैष्णो ढाबा. राजमा-भात खायला तिथे स्थानिक लोकही गर्दी करतात, आणि काश्मिरी राजमा आपल्याकडच्या पंजाबी राजम्यापेक्षा बारीक आणि मऊ. बाकी ठिकाणी हाक नावाची पालेभाजी, नदरू म्हणजे कमळकाकडीची दह्यातली यखनी, दम ओलव म्हणजे दम आलू मागा. ‘पनीर बटर मसाला’ मागितला तर तो मिळेल, पण त्यासाठी एवढ्या लांब कशाला? रेसिडेन्सी रोडवरचं अहदूस १९१८ पासूनचं आहे. वाझवान म्हणजे काश्मिरी मटणाची मेजवानी; त्यातलं रिस्ता आणि गुश्ताबा (कुटलेल्या मटणाचे गोळे), तबक माझ (तळलेल्या फासळ्या) तिथे बसून शांतपणे खाता येतं. चौघांनी मिळून घ्यायची ‘त्रामी’ (एकाच मोठ्या ताटातलं जेवण) दोघांनी मागवण्याचा उत्साह टाळा. गुश्ताबा सर्वांत शेवटी येतो आणि तोवर पोटात जागा उरलेली नसते.

हरिसा खाऊन तिथूनच पायी निघालात तर शहरातली सर्वोत्तम सकाळ पदरात पडते, आणि तीही फुकट. झेलमच्या काठावरचं खानकाह-ए-मौला आधी घ्या. १७३२ च्या सुमारास पुन्हा उभारलेलं हे सुफींचं लाकडी प्रार्थनास्थळ, आत-बाहेर पेपर माशीचं, म्हणजे कागदाच्या लगद्यावरचं रंगीत, नक्षीकाम. गैरमुस्लिमांना आतल्या दालनात जाता येत नाही, पण दारातून छत आणि भिंती बघता येतात. पलीकडच्या काठावर दिसते ती नूरजहाननं बांधवलेली दगडी पथर मशीद. एकाच नजरेत लाकूड आणि दगड. पुढे जैना कदलची तांबटआळी. समोवार (चहाचं तांब्याचं भांडं) आणि हात धुण्याचं ‘तश्त-नारी’ ठोकण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येतो. मग बडशाहच्या, म्हणजे सुलतान झैनुल आबिदीनच्या, आईची विटांची घुमटाकार कबर, आणि शेवटी जामा मशीद: सुलतान सिकंदरच्या काळातली, ३७० देवदारी खांबांची. नमाजाची वेळ टाळून गेलात तर आत फिरू देतात. स्त्रियांनी डोकं झाकावं. शुक्रवार सगळ्यांनीच टाळावा. बूट बाहेर काढावे लागतात आणि आतली फरशी बर्फासारखी असते. जाड लोकरीचे मोजे घालूनच निघा. या एका गोष्टीपायी बरेच लोक दोन मिनिटांत बाहेर पळतात आणि खांबांची ती रांग नीट बघायची राहून जाते.

शालीमार, निशात, चष्मेशाही? या मोसमात सोडून द्या. कारंजी बंद, चिनार निष्पर्ण, गवत पिवळं. ट्युलिप गार्डन मार्च सरता सरता उघडतं, तोवर तिथे बघायला वाफेच आहेत. ड्रायव्हर ‘चार बागा’ची फेरी गळ्यात मारेल, कारण त्याला अंतर कमी आणि दर ठरलेला. त्याऐवजी त्याला बारामुल्ला रस्त्यावरच्या होकरसरला न्यायला सांगा. ही पाणथळ २००५ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेली बदकं आणि कलहंसांची कुटुंबं हिवाळाभर तिथेच असतात. दुर्बीण न्या, पाणी गोठलेलं असेल तर पक्षी लांब सरकतात. दिवस गेलाच पाऊस-बर्फात, तर लाल मंडीतलं श्री प्रताप सिंह म्युझियम दोन तासांना पुरतं. ते सोमवारी बंद असतं.

शिकारा सकाळी अकरा ते तीनच्या दरम्यान घ्या. सकाळी धुकं, आणि साडेपाचला सूर्य मावळतो, त्याच्या तासभर आधीच पाण्यावर बोचरी थंडी सुरू होते. घाटांवर सरकारी दराचे फलक आहेत, त्यावर बोट ठेवून बोला. ब्लँकेट आणि कांगडी धरून किती, हेही बसण्याआधी ठरवा. पाण्यात शिकारे येऊन पशमिना-केशर विकणारे टाळायचे असतील तर नगीन सरोवर गाठा, तिथे शांतता आहे. काठचा बर्फाचा पापुद्रा वल्ह्याने फोडत बोट पुढे काढतात तो आवाज ऐकण्यासारखा. त्या पापुद्र्यावर फोटोसाठी पाय मात्र ठेवू नका, तो माणसाचं वजन धरत नाही.

गुलमर्ग एक दिवस खातं. पन्नासेक किलोमीटर, पण वेळ दोन तास किंवा जास्त. ताजा बर्फ असेल तर वाटेतल्या टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या असलेली किंवा फोर बाय फोर गाडीच सोडतात, म्हणजे तुमची टॅक्सी खाली थांबते आणि दुसरी करावी लागते. तो खर्च आधीच धरून चाला. बूट आणि लांब कोट टंगमर्गला भाड्याने मिळतात. बूट घालून चार पावलं चालून बघा, आत ओल असेल तर बदलून घ्या, नाहीतर दिवस वाया. गोंडोलाची, म्हणजे रोपवेची, तिकिटं ऑनलाइन आणि ठरावीक तारखेचीच असतात, सुट्टीच्या आठवड्यात ती आधीच संपतात. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरवर. वारा किंवा हिमस्खलनाची धास्ती असली की दुसरा टप्पा बंद ठेवतात, आणि हिवाळ्यात हे वरचेवर होतं. बर्फात खेळायलाच जायचं असेल तर पहिला टप्पा पुरे. श्रीनगरहून निघून काही तासांत चार हजार मीटरजवळ पोचल्यावर डोकं दुखणं, धाप लागणं साहजिक आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी वर जाऊ नये. खाली स्लेजवाले मागे लागतील: भाव, अंतर आणि ‘टिप धरून की सोडून’ हे तिन्ही आधी. साडेतीनला परत फिरा, सूर्य गेला की रस्त्यावरचं पाणी काच होतं.

गुलमर्गची गर्दी नको असेल तर सोनमर्ग. १३ जानेवारी २०२५ ला झेड-मोड बोगदा सुरू झाल्यापासून तो रस्ता हिवाळ्यातही चालू राहतो. त्याहून स्वस्त आणि आरामशीर पर्याय रेल्वेचा. नौगामच्या श्रीनगर स्टेशनवरून बनिहालची गाडी धरा, दोनेक तासांत काझीगुंड ओलांडून ११ किलोमीटरच्या पीर पंजाल बोगद्यातून पलीकडे निघता. बर्फ पडत असेल तर उबदार डब्यातून दोन्ही बाजूंची पांढरी शेतं दिसतात, आणि हायवे बंद असला तरी गाडी सहसा धावते. परतीची वेळ बघूनच चढा. ६ जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारतही आहे, साधारण तीन तासांची. विमान धुक्यात अडकण्याची भीती वाटणाऱ्यांनी एक बाजू रेल्वेने ठेवावी, मात्र मधे गाडी बदलावी लागू शकते हे धरूनच.

खरेदीत हिवाळ्याचा फायदा असा की केशर आणि अक्रोड दोन्ही ताजं असतं. पांपोरचं केशर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये वेचलं जातं. दोन काड्या कोमट पाण्यात टाकून बघा. खरं केशर सावकाश सोनेरी-पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी फिकी पडली तर रंगवलेलं आहे. पशमिना अंगठीतून निघते म्हणून खरी, हे नाटक आहे. बारीक विणीची कुठलीही शाल निघते. जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) लेबल असलेली, श्रीनगरच्या केंद्रात धागा तपासून शिक्का मारलेली शाल घ्या, किंवा रेसिडेन्सी रोडच्या सरकारी एम्पोरियममध्ये आधी हात लावून दर्जा आणि किंमत डोक्यात बसवा आणि मग पोलो व्ह्यू बाजाराकडे वळा. सराफ बाजारात मराठी कानावर पडली तर दचकू नका, सांगलीकडचे गलाईवाले तिथे सोनं गाळतात.

मोबाइलचं लक्षात असू द्या: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काही स्थळं बंद केली गेली आणि टप्प्याटप्प्याने उघडली, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून ताजी यादी घ्या.

निघण्याच्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी पोचा. टर्मिनलच्या बरंच अलीकडे एक तपासणी फाटक आहे. तिथे सगळं सामान गाडीतून उतरवून स्कॅन करून पुन्हा चढवावं लागतं, आणि रांग रस्त्यापर्यंत येते. कांगडी आठवण म्हणून नेत असाल तर राख झाडून, फडक्याने पुसून, मातीचं भांडं कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. आत एक जरी कोळसा राहिला, तरी ती बॅग उघडायला तुम्हालाच बोलावतील.